बाबांचं यातीर

येरुहाम, ६ फेब्रुवारी १९६६

एफ्रू,

आधी आशीर्वाद घे, मग काय भांडायचं ते भांड. तुझी दोन्ही एअरलेटरं पोचली. पहिल्यात राग होता, दुसऱ्यात जास्त राग होता. तिसरं टाकायच्या आत हे तुझ्या हाती पडावं म्हणून भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय.

बाबा मजेत आहेत. मी त्यांना ओढून आणलं असं तू जगभर सांगत सुटलायस, तेवढं आता पुरे. आई गेल्यावर ठाण्याच्या त्या खोलीत रेडिओ लावून भिंतीकडे बघत बसायचे, ते तूही बघितलंयस. मी आणि इझिकेल रिव्काला घेऊन इकडे यहुद्यांच्या देशात यायला निघालो तेव्हा तेच म्हणाले, मलाही घ्या. तू त्यांच्यासाठी नवा पलंग केला होतास, मच्छरदाणी आणली होतीस, हे मला ठाऊक आहे रे. पण माणूस काय पलंगासाठी जगतो?

आणि ऐक. बाबांना नोकरी लागली! या वयात! पेन्शनरला! सरकारी जंगलखात्यात. जंगल कुठाय विचारशील, तर जंगल अजून नाही. बेर-शेवाच्या वरच्या अंगाला यातीर म्हणून डोंगर आहेत, अगदी उघडेबोडके, हजामत केलेल्या डोक्यासारखे. तिथं पाइनचं रान करायचं ठरलंय. एक झाड नाही तिथे मोठं थोरलं जंगल! साहेबलोक जीपमधून येतात आणि आपसात भांडतात. निम्मे म्हणतात होईल, निम्मे म्हणतात वेडे झालात का. अलिबागेला आषाढात एका दिवसात पडतो तेवढा पाऊस इथे अख्ख्या वर्षात. पाइनची पानं सुयांसारखी असतात म्हणून बाबा त्याला सुरूच म्हणतात. किनाऱ्यावर वारा सुटला की सुरूचा आवाज यायचा, तसा इथे यायला लागला की आपण जिंकलो, म्हणतात.

बाबांचं काम तसं देखरेखीचंच आहे. त्यांनी स्वतः लिहिलं नाही म्हणून रुसू नकोस. सध्या पेन धरताना हात जरा दुखतो. थंडीचं होतं असं. कोणी इकडे येणारं असलं तर त्याच्याबरोबर अंगदुखीचा बाम पाठव, आणि बाबांचे जाड तळाचे जुने बूट, माळ्यावर आहेत ते. ऑफिसचे नकोत.

काल तू बिश्वातचा, झाडांचा सण झाला. आपण लहानपणी त्या दिवशी झिराडहून बैलगाडीने अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या उरुसाला जायचो ना, त्याच दिवशी इथे सगळा देश झाडं लावायला निघतो. बाबांना याचं फार कौतुक. मी मलिदा केला. पोहे आणलेले होते, गूळ होता, नारळ मात्र मिळाला नाही. मकोलेतमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याकडे, डब्यातलं सुकं खोबरं मिळतं, लाकडाच्या भुशासारखं. त्यावरच भागवलं. रिव्का सगळा गूळ वेचून खाऊन गेली आणि पोहे आजोबांच्या ताटात सारले.

योखेवेदला सांग, भावजय म्हणून नाही तर बहीण म्हणून लिही. तुला सांगून काही उपयोग नाही.

तुझी बाय


येरुहाम, १४ फेब्रुवारी १९६८

एफ्रू,

सुझॅन मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं, तरी मी तिला इथे जेवायला बोलावलं, म्हणजे मीच खुळी. मुंबईला उतरल्या उतरल्या तुझ्याकडे आली असणार.

होय, बाबा खड्डे खणतात. झालं समाधान? पहाटे लॉरी येते, तिच्यात मागे उभे राहून जातात. कुदळ मारतात, दगड उपसतात, रोप लावतात, दुपारी पाव आणि ऑलिव्ह खातात आणि संध्याकाळी धुळीने पांढरे होऊन परत येतात. पहिले सहा महिने हाताला फोडच फोड होते. हे मी तुला लिहिलं नाही, कारण तू हेच करशील ते मला ठाऊक होतं. काय शब्द वापरलास! "बाय, तू बाबांना हमाल केलंस." ठाण्याच्या कचेरीतला हेडक्लार्क, ज्याला कलेक्टर खुर्ची द्यायचा, त्याला परक्या मुलखात हमाल केलंस. मी ते पत्र वाचलं आणि कपाट उघडून आत तोंड घालून रडले, कारण दोन खोल्यांच्या घरात रडायला दुसरी जागा नाही.

आणि त्या पत्रात तिकीट. बाबांचं परतीचं. 

बाबांना मी ते दिलं, नुसतं तिकीट, पत्र नव्हे. दडवलं नाही, हे लक्षात ठेव. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग पाकिटात नीट परत घातलं आणि म्हणाले, "एफ्रूला लिही, रोपांना अजून दोन उन्हाळे काढायचेत. आत्ता कसा येऊ?" मी म्हटलं, बाबा, तो मुलगा आहे तुमचा. म्हणाले, "म्हणून तर. तो समजेल." बघ, किती विश्वास म्हाताऱ्याचा.

तू समोर असतास तर तुला एकदा लॉरीत बसवून नेलं असतं. मी गेले होते. वर एवढा वारा की डोक्यावर पदर राहात नाही. गेल्या जूनपर्यंत समोरची टेकडी दुसऱ्या देशात होती आणि पलीकडचे शिपाई दुर्बिणीतून बघत बसायचे, ही म्हातारी माणसं काय पेरतायत म्हणून. बाबा रोज सकाळी टोपी काढून त्यांना गुड मॉर्निंग करायचे. एकाने एकदा हात हलवला होता म्हणे. आता लढाई झाली, टेकडी इकडे आली, ते शिपाई गेले. बाबा म्हणाले, तो हात हलवणारा कुठे असेल कोण जाणे.

बाबांच्या मुकादमाचं नाव मखलूफ. मोरोक्कोचा. आडदांड, आवाज असा की डोंगर घाबरावा. बाबांचं हिब्रू सगळं प्रार्थनेच्या पुस्तकातलं, बाजारातलं एक अक्षर येत नाही. त्यामुळे कुदळ मागायची तर "हे बंधो, तुझी करुणा माझ्यावर असो आणि ती कुदळ माझ्या हाती येवो." पहिल्या दिवशी सगळी लॉरी हसली. मखलूफ हसला नाही. त्याने कुदळ दोन्ही हातांनी आणून दिली.

तिथे सालेम म्हणून एक बदावी, म्हणजे तंबूत राहणारा अरब, म्हातारा आहे. या डोंगरावर त्याच्या शेळ्या चरायच्या. आता तोही रोपं लावायच्या कामावर येतो आणि शेळ्या दूर ठेवाव्या लागतात. तो आणि बाबा एकाच किटलीतला चहा पितात. याला कोणी आधी विचारलं होतं का, असं बाबांनी एकदा मखलूफला विचारलं. मखलूफ लॉरीकडे निघून गेला.

असा माणूस आहे तुझा बाप. हमाल म्हणायचं असेल तर इथे ये आणि तोंडावर म्हण. तिकीट परत पाठवतेय.

बाय


येरुहाम, १० फेब्रुवारी १९७१

एफ्रू,

तू उत्तर देत नाहीस, मी लिहिणं सोडत नाही. बघू कोण आधी दमतं. लहानपणी विहिरीवर श्वास कोंडून बसायची पैज लावायचो, तेव्हाही तूच आधी लालबुंद होऊन उठायचास.

रोपं रिव्काच्या कमरेला लागतात आता. सगळी नाही. गेल्या उन्हाळ्यात पुष्कळ जळाली, मग नवी लावली, त्यातली काही सशांनी खाल्ली. पण लांबून बघितलं तर डोंगरावर हिरवट काहीतरी आहे असं वाटतं. दाढी करायला विसरलेल्या माणसासारखं. साहेबलोकांतले निम्मे अजून वेडे झालात का म्हणतात, पण हळू आवाजात.

बाबांनी कुदळ ठेवली. मखलूफने ठेवायला लावली. आता शेळ्या आणि आगीवर नजर ठेवायला बसतात, हातात काठी, शेजारी किटली. घरी येऊन रिव्काशी मराठीत बोलतात, ती हिब्रूत उत्तर देते आणि दोघांचं छान चालतं. "साबा" म्हणते त्यांना, म्हणजे आजोबा. झाडांची नावं तिने त्यांना शिकवली, आणि यांनी तिला रामफळ म्हणजे काय ते शिकवलं, न दाखवता. ती पोरगी आता रामफळाचं चित्र काढते, जांभळ्या रंगात.

पोस्टमनच्या दिवशी विचारतात, एफ्रूचं काही? मी सांगते, बाबा, हिंदुस्थानात पोस्टाचा संप आहे. तीन वर्षं चाललाय संप! बाबा मान हलवतात आणि म्हणतात, पोस्टवाल्यांचे हाल आहेत खरे. माझ्याकडे बघत नाहीत तेव्हा.

एक ओळ टाक. मला नको, त्यांना.

बाय


येरुहाम, १८ जानेवारी १९७३

एफ्राइम,

टेलिग्राम मिळाला असेल. तुझा काही आला नाही.

बाबा नोव्हेंबरात गेले. आदल्या दिवशी छातीत जड वाटतं म्हणाले, मी कुपात खोलीमच्या दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टरीणबाईंना आपल्या त्या पुस्तकी हिब्रूत धन्यवाद देत होते, तिला हसू येत होतं, आणि बोलता बोलता थांबले. एवढंच. हाल झाले नाहीत. हे तुला कळायला हवं, राग असला तरी.

इथल्या रीतीने दुसऱ्या दिवशी सकाळीच येरुहामच्या दफनभूमीत नेलं. तुझ्यासाठी थांबता येत नव्हतं. थांबले असते तर तू आला असतास का, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचा सोडलाय.

मुलगा जिवंत असताना बापाचं कद्दीश, मुलाने अकरा महिने रोज म्हणायची ती प्रार्थना, परक्याने म्हटलं. इझिकेलने म्हटलं असतं, पण त्याची फॅक्टरीत सकाळची पाळी, सकाळी दहा पुरुष जमतात त्या मिन्यानला तो पोचत नाही. मखलूफ उभा राहिला. म्हणाला, मी म्हणतो, मुलगा येईपर्यंत. तो रोज जातो. मोरोक्कोच्या चालीत आपल्या बाबांसाठी, झिराडकरांच्या मोर्देखायसाठी म्हणतो, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं की त्याच्या जागी कोण असायला हवं होतं.

सुतकाचे सात दिवस संपल्यावर जंगलातली सगळी माणसं आली. सालेमही आला, दाराबाहेर बसला, आत ये म्हटलं तर नको म्हणाला. मखलूफने थडग्यावर दगड ठेवला आणि शेजारी पाइनचं बोंड, बाबांच्या उतारावरचं.

आज तू बिश्वात. मी मलिदा केला नाही.

बत्या


येरुहाम, २७ जानेवारी १९७५

एफ्रू,

मेल्या, तू मला एक ओळ लिहिली असतीस तर काय तुझ्या हाताला कीड लागली असती?

त्सिपोरा आठवते ना, आपल्या गल्लीतली पेणकरांची? ती आणि तिचा नवरा आता अश्दोदला आलेत. तो बंदरात लागलाय. परवा भेटायला गेले होते. केक, चहा, कोण गेलं कोण राहिलं, सगळं झालं. आणि मग ती सहज म्हणाली, "तुझ्या भावाची कमाल हो, बाबांसाठी अकरा महिने एक दिवस चुकला नाही." मी म्हटलं, काय चुकला नाही? ती माझ्याकडे बघतच राहिली.

ती म्हणाली, टेलिग्राम आल्यापासून तू रोज सकाळी कामावर जायच्या आधी सिनेगॉगमध्ये. आणि ठाण्यात आता माणसंच उरली नाहीत, दहा पुरुष भरत नाहीत, तर तू बाहेर रस्त्यावर उभा राहून माणूस धरून आणायचास. म्हाताऱ्या रूबेनकाकांना टांग्यातून आणायचास, परत सोडायचास. पावसात छत्री घेऊन उभा असायचास म्हणे, एक माणूस कमी आहे, एक माणूस कमी आहे करत.

मी केक खाता खाता रडायला लागले. त्सिपोरा घाबरली. तिचा नवरा पाणी घेऊन आला. मला काही सांगताच येईना. आपण दोघं एकाच बापासाठी दोन देशांत कद्दीश म्हणवत होतो आणि मी इकडे तुझ्या नावाने बोटं मोडत होते!

एफ्रू, इतका राग? बापासाठी रस्त्यात माणसं गोळा करता येतात आणि बहिणीला दोन शब्द लिहिता येत नाहीत?

मधली लढाई तू पेपरात वाचली असशील. इझिकेलला बोलावणं आलं होतं. सुखरूप परतला, थोडा कमी बोलतो. सुटी मिळाली की यातीरला जातो आणि झाडांत नुसता बसतो. झाडं त्याच्या डोक्याच्या वर गेली. मी सोबत गेले होते. संध्याकाळी वारा सुटला आणि तो आवाज आला, किनाऱ्यावरचा. मला एकदम भूक लागली, समुद्रावरून घरी आल्यावर लागायची तशी. हसू नकोस.

ये एकदा. मी काही बोलणार नाही. बरं, थोडंच बोलेन.

तुझी बाय


येरुहाम, ३ जानेवारी १९८२

एफ्रू,

तुझं कार्ड आलं. चौदा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. 'र' अजून तसाच काढतोस, शेपूट लांब.

तू लिहितोस की फेब्रुवारीत मिळालेल्या रजेत येणार, बेर-शेवाला लॉजमध्ये उतरणार, बाबांच्या थडग्यावर जाणार, आणि "जेवणाखाणाची व इतर काही व्यवस्था करू नये." कळलं. कचेरीला लिहितात तसं पत्र आहे. मीही तसंच उत्तर देते: आपले कार्ड मिळाले, मजकूर समजला, व्यवस्था करण्यात येणार नाही. पण डबे मी भरणार आहे. तू खाल्लं नाहीस तर रिव्का खाईल.

रिव्का तुला न्यायला येईल. आता बावीस वर्षांची आहे, गाडी चालवते, नर्सिंग शिकते. मराठी समजते सगळी, बोलायची वेळ आली की हिब्रूत पळते. तू इंग्रजीत बोल, ती उत्तर देईल.

माझी एक अट आहे. थडग्यावरून मला यातीरला घेऊन जायचं. जाशील? तिथे आता खरंच जंगल आहे रे. डोंगरामागून डोंगर हिरवे. मधून रस्ता जातो, त्यावर सावली पडते. शनिवारी शब्बाथच्या सुटीत बेर-शेवाची माणसं सहकुटुंब येतात, चटया टाकतात, मांस भाजतात, धूर होतो. पावसानंतर बायका टोपल्या घेऊन अळंबी शोधायला येतात. कुठून कुठून पाखरं आली आहेत. साहेबलोक आता बाहेरच्या देशांतले पाहुणे आणून दाखवतात, आणि होईल म्हणणारे निम्मे कुठले आणि वेडे म्हणणारे निम्मे कुठले ते कोणाला आठवत नाही. सगळेच म्हणतात, आम्ही आधीच सांगितलं होतं.

मला एवढंच हवंय. तू ते एकदा बघावंस, आणि बाबांना हमाल म्हणालास ते मागे घ्यावंस. त्यांनी ते पत्र वाचलं नव्हतं, मी वाचून दाखवलं नाही. पण माझ्या आत ते चौदा वर्षं पडून आहे. तू बघूनही तसंच म्हणालास तर मी पुन्हा मागणार नाही. मी आता चोपन्नाची झाले, रुसवेफुगवे काढायला फार वर्षं नाहीत.

स्वेटर आण. वर वारा असतो.

बाय


येरुहाम, २ मार्च १९८२

एफ्रू,

पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. चार पानं! योखेवेदने मागे बसून लिहवून घेतलं की काय?

तू म्हणशील, मी स्वतः तिथे होतो, मला काय सांगतेस. सांगते. कारण तुला तुझं तोंड दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

सुरुवातीला तर बाई, मला वाटलं हा आला नसता तर बरं. थडग्यापाशी तू कद्दीश म्हटलंस, अगदी स्वच्छ, एक शब्द न अडखळता, आणि संपल्यावर रुमालाने चष्मा पुसून म्हणालास, "चला." जसं काही बस चुकणार आहे. गाडीत रिव्काने दोनदा विचारलं, अंकल, आर यू कोल्ड? नो, थँक यू. मी मागे डबे मांडीवर घेऊन बसले होते. मनात म्हटलं, बत्या, संपलं. हा माणूस देणं फेडायला आलाय, भेटायला नाही.

जंगलात शिरल्यावर तू खिडकीतून वर बघितलंस आणि म्हणालास, "छान आहे." दुकानात साडी नापसंत झाली की म्हणतात तसं. मी ओठ चावून गप्प बसले. इझिकेल साक्षी आहे, मी गप्प बसले.

तू बिश्वातचा सण म्हणून तिथे ती गर्दी, शाळेची मुलं, गाणी, आणि खोक्यांतून रोपं वाटणारे लोक. मखलूफ आलाच होता. गुडघे गेलेत त्याचे, दोन काठ्या लागतात, पण आवाज तोच. मी तुला त्याच्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, हा मोर्देखायचा मुलगा. त्याने तुझा हात धरला आणि सोडेचना. तू अवघडलास. तेवढ्यात कोणीतरी तुझ्या हातात रोप कोंबलं.

तेव्हा तू काय करशील याची मला काही कल्पना नव्हती. वाटलं, शेजारच्या मुलाला देऊन टाकेल. पण तू पँट वर ओढून खाली बसलास. खड्डा तयारच होता. रोप अगदी सरळ धरलंस, माती सारलीस, आणि मग दोन्ही हातांनी चारी बाजूंची माती ओढून बुंध्याशी छान उंच भर घातलीस. थापटलीस. झिराडला पावसाळ्यात सुपारीची रोपं लावताना आजा घालायला लावायचा तशीच, पाणी मुळाशी साचू नये म्हणून. तुझे हात आपोआप ते करत होते. मीही बघत होते आणि मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही, खरं सांगते. आपण दोघंही कोकणातलेच ना.

आणि मखलूफ हसायला लागला. एवढा हसला की खोकला लागला, काठी पडली, रिव्का धावली. तुझा चेहरा उतरला. तुला वाटलं, तो तुला हसतोय. तो डोळे पुसत मला हिब्रूत सांगायला लागला आणि मी तुला मराठीत, आणि एफ्रू, ते मी स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांनी हे घरी कधी सांगितलंच नव्हतं!

पहिल्या हिवाळ्यात बाबांनी हेच केलं होतं. अख्ख्या उतारावर, प्रत्येक रोपाला अशी सुंदर भर. पाऊस सुरू असताना लावतोय, म्हणजे पाणी मुळाशी साचणार, रोप कुजणार, असा हिशोब. इथे तर पाण्याचा थेंब अडवायचा असतो, रोपाभोवती खोलगट आळं करायचं असतं. पाऊस आला, बाबांच्या उंच भरीवरून वाहून खाली गेला. उन्हाळ्यात सगळा उतार वाळून कोळ. मखलूफला वरून बोलणी बसली. तो चिडून बाबांकडे आला. पण बाबांचं वय, ते हात बघितले आणि त्याचा राग गेला. त्याने सांगितलं, म्हाताऱ्या, हे तुझं काम नाही. तुला इंग्रजी येतं, हिशोब येतो, खाली गोदामात टेबल-खुर्ची आहे, उद्यापासून तिथे बस. पगारही बरा.

बाबा नको म्हणाले.

तू मला थांबवलंस. "खुर्ची नको म्हणाले?" मी मखलूफला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, हो, नको म्हणाला. म्हणाला, हे बंधो, मी सारी उमर खुर्चीवरच बसलो, आता मला हा उतार दे. आणि पुढच्या हिवाळ्यात तोच उतार त्यांनी पुन्हा खणला, वरपासून खालपर्यंत, आळी करत. मखलूफने काठी उचलून दाखवलं, तो बघ तो. रस्त्यापलीकडचा. त्या झाडांखाली एक कुटुंब कोंबडी भाजत होतं आणि एक बाळ पाळण्यात झोपलं होतं.

तू किती वेळ तिकडे बघत होतास. रिव्काने मला कोपराने ढोसलं, आई, अंकलना काही होतंय का. मी म्हटलं, गप्प बस. तुझी हनुवटी थरथरत होती, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायची तशी, आणि तू मार खाल्लास तरी कधी रडायचा नाहीस, नुसती हनुवटी.

मग तू परत खाली बसलास. स्वतःच घातलेली भर दोन्ही हातांनी बाजूला सारलीस. बोटांनी माती उकरून आळं केलंस, कड बांधलीस, थापटलीस. मखलूफ वरून सांगत होता, अजून खोल, अजून, आणि तू एक शब्द न कळता बरोबर करत होतास. ते झाल्यावर शेजारचं रोप बघितलंस. शाळेच्या कोणा मुलाने कसंतरी कोंबून ठेवलेलं. तेही नीट केलंस. मग त्याच्या पलीकडचं. तुझी चांगली कोट-पँट, तो तुझा चष्मा नाकावर घसरलेला, गुडघ्यांना चिखल, आणि तू सरकत सरकत पुढे चाललेला.

मी इझिकेलला डबे उघडायला सांगितले. वडे, चिकन, भात, सगळं मांडलं आणि तुला हाक मारली, एफ्रू, ये जेवायला, गार होतंय. तू मान वर केली नाहीस. म्हणालास, "थांब गं बाय, एवढी रांग होऊ दे."

मग मी डबे परत झाकले, पदर खोचला आणि रांगेच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

तुझी बाय